हळदीच्या वाटीतलं लिनक्स

मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या बाईला तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावी लागतात. लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, आणि आडनाव काय. पहिल्या दोन्हींत थाप मारता येते. तिसरं आधार कार्डावर छापलेलं असतं.

मी हिंगोलीची. माझं आडनाव ऐकलं की समोरचा घरमालक "अच्छा" म्हणायचा. एकदा नाही, दोनदा. "अच्छा, अच्छा." पहिला अच्छा ऐकू आल्याचा, दुसरा कळल्याचा. मग संध्याकाळी ब्रोकरचा फोन यायचा, की मॅडम सॉरी, मालकाचा भाचा येतोय गावाहून. त्या महिन्यात बोरिवली ते दहिसर या पट्ट्यात एवढे भाचे गावाहून आले, की गावाकडे मामांशिवाय कोणी उरलं नसावं. अंधेरीला मी ज्या हॉस्टेलात राहत होते ते पाडायला काढलं होतं आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. नऊ घरं बघून झाली होती. दहावं नाही मिळालं तर गाशा गुंडाळून हिंगोली, आणि नोकरीला रामराम, एवढं सरळ होतं ते.

दहावं घर दहिसरला, नदीपासून जवळ, चार मजली जुन्या सोसायटीत. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, दोन्ही एकाच मालकाची. एकात ते राहायचे, दुसरं वन रूम किचन भाड्याने द्यायचं होतं. दार उघडलं ते पट्ट्यांची हाफ पँट आणि वर कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेल्या साठीच्या गृहस्थांनी. शर्टाला चार खिसे. त्यातले दोन वेगळ्याच कापडाचे, मागाहून शिवलेले.

"कॉम्प्युटर आहे?" त्यांनी विचारलं.

"लॅपटॉप आहे."

"त्यात काय घातलंय?"

ब्रोकर घाईघाईने मध्ये पडला. "अंकल, पार्टी एकदम सॉलिड आहे, अंधेरीला जॉब आहे, आडनाव..."

"तुला विचारलं काय?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर पोट उघडं टाकलेले तीन कॉम्प्युटर आणि भिंतीवर एका गुबगुबीत पेंग्विनचं चित्र. कॉलेजातल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर हाच पेंग्विन होता आणि तो दिवसरात्र एकच शब्द बोलायचा. तो शब्द मला आठवला.

"लिनक्स," मी म्हणाले.

"कुठलं?"

त्यात पुन्हा कुठलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "साधंच."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाजारात बाई माशाचे कल्ले उचलून बघते ना, तसं. मग म्हणाले, "कधी येतेस राहायला?"

जिना उतरताना ब्रोकरने कपाळाशी बोट फिरवलं. "आदमी थोडा खिसका हुआ है, लेकिन घर अच्छा है." त्याचा तो एकच अच्छा ऐकून मला फार बरं वाटलं.

काका (त्यांना सगळी इमारत काकाच म्हणायची) टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, शेअरला लागतात, गुडघ्याच्या तेलाला लागतात. काका लिनक्सला लागले. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज असतं, तसंच लिनक्स. फरक एवढाच की ते फुकट असतं, फुकट असूनही चोरीचं नसतं, आणि उघडून वाटेल तसं बदलता येतं. बदलता येतं म्हणूनच जगभरच्या लोकांनी ते आपापल्या परीने बदललंय आणि आता त्याचे इतके प्रकार झालेत, की माणूस आधी निवडतो आणि मग वापरतो. काका पहिल्या पायरीवरच होते. निवृत्त झाल्यापासून निवडत होते.

निवडीतले उमेदवार ते पेनड्राइव्हमध्ये ठेवायचे, आणि पेनड्राइव्ह ठेवायचे मिसळणाच्या डब्यात. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या, मधल्या वाटीत मोहरीऐवजी सगळ्यात नवा उमेदवार. डबा काकूंच्या लग्नातला. काकूंचा मसाला त्यापायी प्लास्टिकच्या बरण्यांत गेला होता आणि ते दुःख त्या दर दोन दिवसांनी बोलून दाखवायच्या. वाट्यांची जुनी नावं मात्र राहिली होती. "तिखटाच्या वाटीतला कालपासून रुसलाय," असं काका जेवताना सांगायचे आणि काकू त्यांच्या ताटात आणखी भात वाढायच्या, म्हणजे तोंड बंद राहावं.

नवं काही घालायचं ते अमावास्येला. का, तर अमावास्येला कोणी शुभकार्य काढत नाही, कोणी कामाला बोलावत नाही, पाहुणे येत नाहीत. "सगळा दिवस आपला." त्या दिवशी काका सकाळी आंघोळ करून जुनं सगळं पुसून टाकायचे आणि नवं घालायचे. मग खिडक्यांच्या कडा गोल करायच्या की चौकोनी, घड्याळ वर ठेवायचं की खाली, चिन्हांची पट्टी डावीकडे की उजवीकडे, हे चालू व्हायचं. ते सगळं मनासारखं होईपर्यंत पुढची अमावास्या यायची. या सगळ्यात कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष काम काय करायचे, असं मी एकदा काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "पत्ते खेळतत."

त्यांचं एक वाक्य होतं: "बदलता येत नाही ते आपलं नाही." हे त्यांनी स्वतःच्या घराला तर लावलंच होतं, माझ्याही घराला लावलं. त्यांच्या न्हाणीघराचं दार बाहेर उघडायचं ते आत उघडायला लागलं, मग आत बादली ठेवायला जागा राहिली नाही म्हणून पुन्हा बाहेर. पंख्याचा रेग्युलेटर त्यांनी उशाशी आणून बसवला. माझ्या दाराची बेल तर त्यांनी अशी काही सुधारली, की आठ दिवस ती त्यांच्या घरात वाजत होती. माझा कुरिअरवाला यायचा आणि काकू दार उघडून त्याला पाणी द्यायच्या. मालक म्हणून त्यांच्यासारखा उपद्रवी माणूस मी पाहिला नाही. मला डेंगी झाला तेव्हा हे दारात येऊन विचारतात, "मशीन बंद पडलं नाही ना?" पाठोपाठ काकूंची पेज यायची म्हणून मी ते सहन केलं.

भाडेकरार करताना माझं आधार कार्ड त्यांच्या हातात द्यावंच लागलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, अच्छा कधी येतोय म्हणून. त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "फोटो भिकार आलाय गं. बदलून घे."

आता माझ्या थापेचं काय झालं ते. माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोज होतं आणि तेही अंधेरी स्टेशनजवळच्या एका दुकानात फुकटात घालून घेतलेलं, म्हणजे चोरीचं. मी उपाय एवढाच केला, की झाकणावर पेंग्विनचा स्टिकर लावला. पहिल्या अमावास्येला काका डबा घेऊन हजर. "बघू तुझं साधंच." लॅपटॉप सुरू झाला आणि पडद्यावर जे यायचं तेच आलं.

"ते ऑफिसवाल्यांनी घातलं, परवाच," मी म्हणाले.

"ऑफिसवाले असलेच," काका म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. खरं म्हणजे चोरीच्या विंडोजचा त्यांना विटाळ होता. कोणी असला कॉम्प्युटर दुरुस्तीला आणला तर ते हात मागे बांधून लांबून बघायचे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. विटाळ या शब्दावर मी आयुष्यात पहिल्यांदा हसले ते त्यांच्याकडे बघून. पण माझ्या लॅपटॉपसमोर ते मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चल, तुझ्यासाठी निवडू."

ती निवड रविवारच्या रविवार चालू झाली. काका वही घेऊन बसायचे आणि एकेक प्रश्न विचारायचे. खिडकी बंद करायचं बटण डावीकडे हवं की उजवीकडे? अक्षर केवढं? मागे चित्र हवं की नुसता रंग? उघडल्याबरोबर काय दिसायला हवं?

"काका, मला काही फरक पडत नाही. कसंही चालेल."

"असं कसं चालेल? तुला काय हवं ते तुलाच माहीत नसेल तर मला कसं कळणार?"

मला तेव्हा एकदम गलबलून आलं, हे सांगायला हरकत नाही. महिनाभर जो भेटला त्याने मी कोण हे विचारलं होतं. मला काय हवं, हे विचारणारा हा पहिलाच, आणि विचारत होता बटणाबद्दल. मी सांगितलं, उजवीकडे. त्यांनी वहीत लिहिलं आणि पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, उजवीकडचा विचार केला, पण डावीकडे एकदा वापरून बघ. असे तीन रविवार गेले. लॅपटॉपमध्ये अजून ते अंधेरीचंच पाप होतं.

तेवढ्यात सोसायटीचं पत्र आलं. 'सभासदांनी सोसायटीच्या वातावरणास अनुरूप भाडेकरू ठेवावेत' असं त्यात होतं आणि खाली आमच्या दाराचा नंबर. विषय रविवारच्या सभेत घेणार होते. सोसायटीची एनओसी मिळाल्याशिवाय माझी पोलीस व्हेरिफिकेशनची कागदं पुढे जाणार नव्हती. म्हणजे पुन्हा ब्रोकर, पुन्हा भाचे.

सभा खाली पार्किंगमध्ये, सकाळी अकराला. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, आणि समोर टेबलावर मोठा टीव्ही. टीव्ही सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडला होता, कारण इमारत नव्याने बांधायची तर ती कशी दिसेल याची चित्रं दाखवायची होती. चित्रात चौदा मजले होते आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव. ते बघून मंडळी इतकी खूष झाली, की मला वाटलं माझा विषय राहून जाईल. पण सेक्रेटरी व्यवस्थित माणूस. बोलायचा अगदी गोड.

"आता विषय चौथा. काका, पर्सनल काही नाही हं. पण आपली फॅमिली सोसायटी आहे. सिंगल मुलगी, शिवाय... म्हणजे तुम्ही समजून घ्या ना."

"शिवाय काय?" काका म्हणाले.

"तसं काही नाही. वातावरणाचा प्रश्न आहे."

"वातावरण? एसी बसवतोस काय पार्किंगमध्ये?"

मागच्या खुर्च्यांवर हशा झाला. सेक्रेटरी हसला नाही. "काका, नियमात बसेल ते बघायला नको का आपण?"

"नियमाचं बोलतोस? मग तो कोपरा वाच." काकांनी टीव्हीकडे बोट केलं. चौदा मजल्यांच्या चित्रावर, उजव्या कोपऱ्यात खाली, फिकट अक्षरांत इंग्रजीत एक ओळ होती. ती वर्षानुवर्षं तिथे असणार. कोणी वाचली नव्हती, इतकंच. "वाच की मोठ्याने. नाही? मी सांगतो. ही प्रत अस्सल नाही, असं लिहिलंय. सोसायटीचा सगळा कारभार चोरीच्या मालावर आणि तू माझ्या भाडेकरणीचं वातावरण तपासणार? तिच्या मशीनमध्ये एकूण एक गोष्ट कायदेशीर आहे. या अख्ख्या इमारतीत दोनच घरं स्वच्छ आहेत. एक माझं आणि एक तिचं."

माझ्या घशात समोसा अडकला. लिनक्सच्या बाबतीत हा माणूस कधीही खोटं बोलत नसे. बायकोशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा, पण लिनक्सच्या बाबतीत नाही. आणि आत्ता पन्नास माणसांसमोर त्याने बेधडक थाप मारली होती.

सेक्रेटरी काही कच्चा नव्हता. "असं? मग दाखवाच ना. आणा तिचा लॅपटॉप, लावा टीव्हीला. स्वच्छ निघाला तर आत्ताच्या आत्ता एनओसीचा ठराव करू. नाही निघाला तर महिन्याच्या आत घर खाली. बोला, मंजूर?"

मंडळींनी खुर्च्या पुढे सरकवल्या. तलावापेक्षा हे जास्त रंगणार होतं.

"मंजूर," काका म्हणाले. "पाच मिनिटं द्या."

जिन्यात मी त्यांचा शर्ट ओढला. "काका, माझ्यात विंडोज आहे. चोरीचं आहे. ऑफिसने नाही, मीच घातलंय."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय मग? चल लवकर."

वर काकू पाटावर बसून बोंबील साफ करत होत्या. काकांनी टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. तेव्हा मला कळलं त्यांच्या मनात काय होतं ते. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला, की तो आत काय भरलंय तिकडे बघतच नाही. पेनड्राइव्हमध्ये जे असेल तेच चालवतो. पुसायचं नाही, भरायचं नाही. त्या सातांतला कुठलाही एक उचलायचा आणि खाली जायचं, एवढंच काम होतं.

काकांनी तिखटाच्या वाटीतला उचलला. खाली ठेवला. "हा नको, टीव्हीवर याचा रंग फाटतो." जिऱ्याच्या वाटीतला उचलला. "हा सुरू व्हायला वेळ लावतो." धण्याच्या वाटीतला हातात घेऊन खिडकीजवळ गेले, परत आले. "हा देखणा आहे, पण ऐन वेळी तोंडघशी पाडेल." मधल्या वाटीतला नवा कोरा, त्याच्यावर अजून विश्वास नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. इतकी वर्षं ज्याने निवडण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला आता खरोखर निवडायचं होतं. खालून कोणीतरी हाक मारली, "काका, काय झालं?" मी त्या डब्याकडे बघत उभी होते. माझं राहतं घर त्या सात वाट्यांपैकी एकीत होतं आणि मला हसू येत होतं आणि रडूही.

काकू उठल्या. बोंबलाचे हात पदराला पुसले, डब्यापाशी आल्या, हळदीच्या वाटीतला पेनड्राइव्ह उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो घे, बाय. आणि जा. ह्ये निवडीत बसले तर तू रस्त्यार येतलंस."

"अगो, पण त्यात काय आहे ते तरी..." काका म्हणाले.

"हळद आसा," काकू म्हणाल्या. "हळद सगळ्यात चलता."

माझा लॅपटॉप घेऊन खाली आलो. काकांनी पेनड्राइव्ह लावला, टीव्हीची वायर लावली आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या, थांबल्या, परत सरकल्या. सेक्रेटरी माझ्याकडे बघून गोड हसला. मी मनातल्या मनात बॅगा भरायला लागले होते.

आणि मग टीव्हीभर बोंबील आले. गोराईच्या किनाऱ्यावर बांबूंना वाळत घातलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हजारो. फोटो काकांनीच काढलेला आणि मागचं चित्र म्हणून लावलेला. पंचेचाळीस इंची टीव्हीवर एकेका बोंबलाचे दात दिसत होते. पहिल्या रांगेतल्या शाकाहारी मंडळींनी एकदम श्वास आत घेतला. मागून कोणीतरी ओरडलं, "झकास! कुठे मिळतात हे?"

"बोंबलांकडे बघू नका, कोपरा बघा," काका म्हणाले. "आहे काही लिहिलेलं?"

कोपऱ्यात काही नव्हतं. दोन शेपट्या होत्या फक्त.

तिथे थांबायला हवं होतं, पण काकांना पन्नास श्रोते आयुष्यात पहिल्यांदा मिळाले होते. त्यांनी खिडक्या गोल करून दाखवल्या, चौकोनी करून दाखवल्या, घड्याळ चारही कोपऱ्यांतून फिरवून आणलं. पट्टी डावीकडे नेली तेव्हा दोघे उठून गेले. चाळीस मिनिटांनी एका आजोबांनी हात वर करून सांगितलं, की त्या मुलीला एनओसी द्या आणि यांना बसवा. ठराव एकमताने पास झाला. माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, काकांना थांबवण्यासाठी. मला तेवढंही पुष्कळ होतं. जाताना सेक्रेटरीने काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरला असलं काही घालून द्याल का. काका म्हणाले, जरूर, पण निवडावं लागेल. ते काम अजून व्हायचंय.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, हळदीचा घालून द्या, कायमचा. त्यांचं तोंड पडलं. "एवढ्यात? अजून सहा वाट्या बघायच्यात तुझ्या." शिवाय अमावास्येला दहा दिवस होते. पण घातलं. बटण उजवीकडे ठेवलं, तेही न कुरकुरता. झाल्यावर सवयीने साबण घेऊन मोरीत गेले आणि हात न धुताच परत आले.

त्या घरात मी चार वर्षं राहिले. मग मुलुंडला माझं स्वतःचं वन रूम किचन झालं आणि सामान टेम्पोत चढलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा काका मोहरीच्या वाटीतल्या एका नव्या उमेदवाराची छाननी करत होते. जाता जाता मनावरचं ओझं उतरवावं म्हणून मी म्हणाले, "काका, पहिल्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"ते तेव्हाच कळलेलं."

"कसं?"

"मी विचारलं कुठलं, तू म्हणालीस साधंच. ज्याने खरंच लिनक्स घातलेलं असतं तो 'साधंच' म्हणून थांबतो होय? त्याला दुसऱ्याने थांबवावं लागतं."

आतून काकूंचा हुंकार आला.

"मग घर दिलंत कशाला?"

काकांनी पेनड्राइव्ह खाली ठेवला. "आमचं लग्न झालं तेव्हा बोरिवलीत तीन घरं हातची गेली. बोंबलापायी. म्हणजे तोंडावर कोणी सांगितलं नाही, पण बोंबलापायीच. आता बोंबील काय सोडणार? बापाने खाल्ले, आजाने खाल्ले. तेव्हा ठरवलेलं, उद्या मालक झालो तर माणसाला असलं काही विचारायचं नाही जे त्याला बदलता येत नाही. पण काहीतरी विचारावं तर लागतं, नाहीतर ब्रोकरला वाटतं घरातच काही गडबड आहे. म्हणून हे विचारतो. चुकीचं असलं तर घालून देतो, त्यात काय?"

आणि त्यांनी लगेच विचारलं, "मुलुंडच्या घरात पट्टी डावीकडे ठेवून बघणार का?"

पुढे नोकरीने मला पुण्याला नेलं. मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं ठरवून मी गेल्या महिन्यात एक दिवस तिथे गेले. ब्रोकरचा फोन आला. "मॅडम, एक मुलगी आहे, पार्टी चांगली आहे. पण आधी सांगून ठेवतो, तिचं आडनाव..."

"ते नको. घेऊन ये."

ती आली तेव्हा दारातच उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, चप्पल काढायची की नाही या विचारात. पायांवरून दिसत होतं, बरीच घरं बघून झाली होती. ब्रोकर सवयीने म्हणाला, "मॅडमना काय विचारायचंय ते विचारू दे."

"लॅपटॉपमध्ये काय घातलंय?" मी विचारलं.

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर माझा लॅपटॉप होता, झाकणावर तोच जुना पेंग्विन, एका बाजूने सुटलेला.

"लिनक्स," ती म्हणाली.

"कुठलं?"

तिने बॅगेचा पट्टा सावरला. "साधंच."

"कधी येतेस राहायला?" मी म्हणाले.